पुराच्या वेळी जबाबदारी कोणाची? ग्रामपंचायतीपासून दिल्लीपर्यंतची वाटणी

दूधगंगाकाठ (धागा सुरू करणारे):

मृग लागण्याआधी हा विषय येथे मांडून ठेवावा असे वाटले, कारण एकदा पाणी पात्राबाहेर पडले की कायदा वाचायला कोणालाच सवड नसते. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी, चिक्कोडी, रायबाग, अथणी आणि कागवाड तालुक्यांतील नदीकाठच्या गावांना २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर वेगळे सांगायला नकोत. प्रत्येक पुरानंतर आपल्याकडे तेच प्रश्न ऐकू येतात. होडी तहसीलदारांनी पाठवायची की अग्निशमन दलाने? जनावरांच्या वैरणीची सोय कोणी करायची? पंचनाम्यात घर ‘अंशतः पडले’ असे लिहिले गेले, तर ते बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे? गावातला माणूस आधी पंचायत सदस्याचे दार ठोठावतो, नंतर आमदारांच्या कार्यालयात फोन करतो, आणि या धावपळीत ज्या अधिकाऱ्याकडे कायद्याने अधिकार आहे त्याच्यापर्यंत लेखी मागणी मात्र पोहोचतच नाही.

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर संसदेने आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ संमत केला. ‘आपत्ती’ हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील तीन सूचींपैकी एकाही सूचीत स्वतंत्रपणे नाही. समवर्ती सूचीतील सामाजिक सुरक्षा आणि सामाजिक विमा या नोंदीचा आधार घेऊन हा कायदा झाला. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, पाटबंधारे हे विषय राज्याकडे आहेत, तर आंतरराज्य नद्यांचे नियमन केंद्राच्या सूचीत आहे. त्यामुळे कृष्णेचे किंवा दूधगंगेचे पाणी एखाद्या घरात शिरते, तेव्हा त्या एका घटनेवर तीन-चार पातळ्यांचे अधिकार एकाच वेळी लागू होतात.

कायद्याची रचना अशी आहे: राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री आणि जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. प्रत्यक्ष संकटाच्या काळात सर्वांत जास्त अधिकार जिल्हा पातळीवर एकवटलेले आहेत. रस्ता बंद करणे, एखाद्या भागात प्रवेशास मनाई करणे, निवारा उभा करणे, खासगी वाहने व इमारती ताब्यात घेणे, तातडीची खरेदी नेहमीची निविदा प्रक्रिया न करता करणे, हे सर्व कायद्याने शक्य आहे. कर्तव्य बजावणाऱ्यास विनाकारण अडथळा आणणाऱ्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि त्या अडथळ्यामुळे जीवितहानी झाली तर दोन वर्षांपर्यंत.

मला एक गोष्ट फार खटकते. याच कायद्याच्या कलम २५ नुसार जिल्हा पंचायतीचे निवडून आलेले अध्यक्ष हे जिल्हा प्राधिकरणाचे सहअध्यक्ष असतात. लोकांचा आवाज त्या बैठकीत असावा यासाठीच ही तरतूद केलेली आहे. कर्नाटकात जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे निवडणुका झाल्या नाहीत. म्हणजे नदीकाठच्या लोकांनी निवडलेल्या माणसाची खुर्चीच त्या टेबलाभोवती राहिली नाही. पूर, दुष्काळ, स्थलांतर यांचे सर्व निर्णय केवळ अधिकाऱ्यांच्या बैठकीत होत राहिले. अधिकारी मेहनत घेत नाहीत असे माझे म्हणणे मुळीच नाही, परंतु कोणत्या मळ्याची वाट सर्वांत आधी पाण्याखाली जाते हे बेळगावात नुकत्याच बदलून आलेल्या अधिकाऱ्याला कोण सांगणार?

गावपातळीबद्दल कलम ४१ आहे. स्थानिक प्राधिकरणाने आपल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, साधनसामग्री वापरण्याजोगी ठेवावी, हद्दीतील बांधकामे ठरलेल्या मानकांनुसार होतात हे पाहावे आणि मदत व पुनर्वसनाचे काम करावे, असे ते कलम सांगते. कर्तव्य एवढे मोठे आहे, पण ग्रामपंचायतीच्या हाती त्यासाठी वेगळा निधी नाही. वाटणीतील सर्वांत कच्चा दुवा मला हाच वाटतो. जाणकारांनी आपापल्या भागातील अनुभव आणि माहिती येथे द्यावी.

शहापूर शिवार:

चांगला विषय घेतला आहे. ग्रामीण भागाइतकाच गुंता बेळगाव शहरातही आहे, हे नोंदवतो. बळ्ळारी नाल्याला पूर आला की शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या भागांतील शिवारात पाणी दिवसेंदिवस तुंबते आणि लावलेले भात कुजते. रोपे पिवळी पडून चिखलावर आडवी झालेली असतात आणि दुबार लावणीसाठी तरवा उरलेला नसतो. हा नाला काही अंतर महानगरपालिकेच्या हद्दीतून आणि पुढे ग्रामपंचायतींच्या हद्दीतून वाहतो. गाळ काढण्याची मागणी एका कार्यालयात नेली की दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवले जाते. त्यातच शहराचा एक भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या ताब्यात आहे आणि ते बोर्ड केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. मात्र आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या व्याख्येनुसार कॅन्टोन्मेंट बोर्डही ‘स्थानिक प्राधिकरण’च आहे, म्हणजे कलम ४१ ची जबाबदारी त्यालाही टळत नाही.

२०२५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आहे. महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी राज्य सरकारला स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करता येते. महापालिका आयुक्त त्याचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष असतात. बेळगावसाठी असे प्राधिकरण कार्यरत झाले, तर किमान नाल्याचा प्रश्न कोणासमोर मांडायचा हे तरी निश्चित होईल. नगरसेवकांनी यासाठी आग्रह धरला पाहिजे. शिवारातील शेतकऱ्यांची एकच अपेक्षा आहे की गाळ काढण्याचे काम मे महिन्यात पूर्ण व्हावे, कारण जुलैमध्ये होणाऱ्या पाहणी दौऱ्यांमुळे भात वाचत नाही.

मांजरीची लेक:

दादा, मला कायद्याचे फारसे ज्ञान नाही, पण विचारते. पूर आला की आम्हाला शाळेत उघडलेल्या गंजी केंद्रात नेतात, ज्याला आता कागदोपत्री काळजी केंद्र म्हणतात. जेवण मिळते, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु शेकडो माणसांना दोन-चार स्वच्छतागृहे, त्यांनाही धड कडी नसते, आणि बाळंतीण असो वा वयात आलेली मुलगी, सर्वांनी एकाच वर्गात झोपायचे. अनेक बायका रात्री बाहेर जावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. पुरुष माणसे म्हशींसाठी घरीच थांबतात, आणि घरचा माणूस पाण्यात असताना आमचा जीव थाऱ्यावर राहत नाही. केंद्रात काय असायला हवे हे कोठे लिहिलेले आहे का? आणि मागे आमच्या शेजारच्यांना घरासाठी एक रक्कम आणि दुसऱ्या गल्लीत भलतीच रक्कम मिळाली, ते कसे ठरते?

निवृत्त महसूल:

ताई, आपले दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. महसूल खात्यात पंचनाम्यांची कामे मी केलेली आहेत, त्यामुळे सविस्तर लिहितो.

केंद्रातील सोयींबद्दल कायद्यात स्पष्ट तरतूद आहे. कलम १२ नुसार निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय मदत आणि स्वच्छता यांची किमान मानके राष्ट्रीय प्राधिकरणाने सुचवायची आहेत आणि विधवा व अनाथ यांच्यासाठी विशेष तरतूद सांगायची आहे. राज्याची मानके त्याहून कमी असता कामा नयेत, असे कलम १९ म्हणते. त्यामुळे कडी असलेले स्वच्छतागृह मागणे ही मेहेरबानीची याचना ठरत नाही. जनावरांचेही तसेच आहे. आपत्ती निधीतून चारा आणि जनावरांच्या छावणीचा खर्च करता येतो. माणसांचे केंद्र आणि जनावरांचा निवारा एकाच उंचवट्यावर शेजारी ठेवला, तर निम्मी माणसे वेळेवर घर सोडतील, असे माझे ठाम मत आहे. म्हैस दावणीला ठेवून कोणी शेतकरी शाळेत झोपायला येत नाही, हे योजना आखणाऱ्यांनी गृहीत धरले पाहिजे.

आता पैशाबद्दल. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत कर्नाटकासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. या निधीतून किती भरपाई द्यायची याचे निकष केंद्रीय गृह मंत्रालय ठरवते. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार मृताच्या वारसास ४ लाख रुपये, मैदानी भागातील पूर्ण पडलेल्या घरास १ लाख २० हजार, दुभत्या गाई-म्हशीस ३७,५००, आणि पिकांसाठी कोरडवाहू क्षेत्रास हेक्टरी ८,५०० व बागायतीस हेक्टरी १७,००० रुपये, तेही जास्तीत जास्त २ हेक्टरांपर्यंत. बागायतीचा हिशेब एकरावर आणला तर सुमारे ६,८०० रुपये होतात, ज्यात नदीकाठच्या ऊसकऱ्याचा लागवडीचा खर्चही निघत नाही. या रकमेत भर घालण्याचा अधिकार राज्याला आहे, पण ती भर राज्याला स्वतःच्या तिजोरीतून घालावी लागते. २०१९ च्या पुरानंतर कर्नाटक सरकारने पूर्ण पडलेल्या घरांसाठी ५ लाख रुपये जाहीर केले, ते असेच. म्हणून वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी रक्कम मिळालेली दिसते.

एकाच वर्षी दोन गल्ल्यांत फरक पडतो, त्याचे कारण पंचनाम्यातील वर्गवारी. घर पूर्ण पडले, गंभीर नुकसान झाले की अंशतः पडले, हे अभियंता आणि तलाठी यांच्या पथकाने जागेवर पाहून लिहायचे असते. मातीच्या भिंतीचे घर पाण्यात उभे असताना शाबूत दिसते आणि पाणी ओसरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी बसते. पथक त्याआधी येऊन गेले असेल, तर कागदावर ‘अंशतः’ एवढेच राहते. अशा वेळी भिंत कोसळल्यावर लगेच छायाचित्रासह तहसीलदारांकडे फेरतपासणीचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. एकदा माहिती संगणकावर भरून यादी बंद झाली की खालच्या पातळीवर कोणाचाच हात पोहोचत नाही.

राज्याचा निधी अपुरा पडला तर राष्ट्रीय निधीतून मदत मागता येते, त्यासाठी केंद्राचे पथक पाहणीस येते. हा मार्ग लांबचा आहे. २०२३ च्या दुष्काळात कर्नाटकाने २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले आणि केंद्राकडे १८ हजार कोटींहून अधिक रकमेची मागणी केली. निर्णयास उशीर होतो म्हणून राज्याला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि एप्रिल २०२४ मध्ये साडेतीन हजार कोटींच्या आसपास मदत मिळाली. दोन सरकारांच्या या पत्रव्यवहारात शेतकऱ्याचा एक हंगाम निघून जातो, याचे मला आजही वाईट वाटते.

शिरोळ तालुका:

पलीकडच्या काठावरून, महाराष्ट्रातील कोल्हापूर जिल्ह्यातून लिहितो आहे. आमची आणि तुमची नदी एकच आहे, पण मदतीचे रस्ते वेगळे आहेत. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते आणि ते पाणी राजापूर बंधाऱ्यावरून तुमच्याकडे येते. पुढे कल्लोळजवळ दूधगंगा मिळते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी धरली जाते. तुमच्याकडची मंडळीही पावसाळ्यात सकाळी उठून हाच आकडा पाहतात, हे मला ठाऊक आहे.

समजा, एकाच रात्री आमच्या कुरुंदवाडला आणि तुमच्या सदलग्याला पाणी वेढले. आमची मागणी कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडून मुंबईला जाते आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पुण्याची ५ वी बटालियन आमच्यासाठी असते. तुमची मागणी बेळगावहून बेंगळूरुला जाते आणि तुमच्यासाठीची १० वी बटालियन विजयवाडाजवळ आहे. पावसाळ्यात तुकड्या आधीच आणून ठेवतात हे खरे, परंतु कोणती तुकडी कोठे ठेवायची हे राज्याने वेळेवर मागितल्यावरच ठरते. तुमच्या जिल्ह्याला बेळगावातील मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे लष्कर जवळ आहे, ही जमेची बाजू आहे. अग्निशमन दलाचाही फरक लक्षात घ्यावा. आमच्याकडे ते महापालिका-नगरपालिकांचे असते, तर कर्नाटकात ते राज्य सरकारचे खाते आहे. त्यामुळे तुमच्याकडे नगराध्यक्षांना फोन करून बंब किंवा होडी मिळणार नाही.

धरणांचे दरवाजे कधी उघडायचे हा निर्णय त्या त्या राज्याच्या जलसंपदा खात्याचा असतो. केंद्रीय जल आयोग पूर पूर्वानुमान देतो, हवामान खाते पावसाचा इशारा देते. या दोन्ही संस्था केंद्राच्या आहेत आणि त्यांची माहिती दोन्ही राज्यांना मिळते. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ नुसार धरणाच्या मालकाने आपत्कालीन कृती योजना तयार ठेवणेही बंधनकारक आहे. कर्नाटकातील अलमट्टी धरणामुळे सांगली-कोल्हापूरला पूर येतो की नाही यावर आमच्याकडे पुष्कळ वाद आहे. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्रानेच नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला जबाबदार धरले नाही, हेही सांगितले पाहिजे. वाद काहीही असो, जून २०२१ मध्ये तत्कालीन जलसंपदामंत्री जयंत पाटील बेंगळूरुला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले, तसा संवाद दरवर्षी पावसाळ्याआधी व्हावा. राज्यांमधील समन्वय साधणे हे कलम ३५ नुसार केंद्राचे काम आहे, पण दिल्लीची वाट पाहण्यापेक्षा कोल्हापूर आणि बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी विसर्गाचे आकडे परस्परांना थेट देत राहणे जास्त उपयोगाचे ठरते.

कारवार सीमा:

एक शंका आहे. मे २०२५ मध्ये देशभर सायरन वाजवून सराव झाला, त्यात कारवारचे नाव होते, बेळगावचे नव्हते. मग नागरी संरक्षण आणि आपत्ती व्यवस्थापन एकच आहे की वेगळे?

निवृत्त महसूल:

मूळ वेगळे आहे. नागरी संरक्षण अधिनियम, १९६८ हा युद्धकाळ डोळ्यांसमोर ठेवून केलेला कायदा आहे. केंद्र धोरण आणि नियम ठरवते, राज्य सरकार नागरी संरक्षण दल उभारते आणि जिल्ह्यात नियंत्रक नेमते, जे बहुधा जिल्हाधिकारीच असतात. कारवारजवळ नौदलाचा तळ आणि कैगा अणुवीज प्रकल्प असल्यामुळे त्या भागाचे महत्त्व उघड आहे. नंतरच्या दुरुस्तीने आपत्तीतील मदतही नागरी संरक्षणाच्या कामात आली. बेळगावात पुराच्या वेळी जे खाकी गणवेशातील स्वयंसेवक पुलांवर उभे दिसतात, ते गृहरक्षक दलाचे असतात, तेही राज्याच्या गृह खात्याकडे येते.

जांबोटी रोड:

खानापूरच्या जंगल भागातील वस्त्यांचाही विचार व्हावा. आमच्याकडे पूर शिरून घरे बुडत नाहीत, पण नाले भरले की वाट तुटते आणि आजाऱ्याला तिरडीसारख्या डोलीवरून खांद्यावर आणावे लागते. लहानसा पूल बांधायचा म्हटले तरी जमीन वनखात्याची असल्याने केंद्राच्या वन कायद्याखाली मंजुरी लागते. म्हणजे पायवाटेवरच्या साकवाचा निर्णय ग्रामपंचायत, जिल्हा, राज्य आणि केंद्र असा चारही पायऱ्या चढतो. पावसाळ्याचे चार महिने तरी औषधे, धान्य आणि एक आरोग्य कर्मचारी वस्तीवरच राहील, एवढे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन योजनेत लिहून घ्यायला हवे.

दूधगंगाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. शिरोळकरांनी सांगितलेल्या विसर्गाच्या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट मांडतो. इशारा गावात पोहोचणे आणि तो समजणे, ही दोन कामे आहेत. आमच्या भागात मोबाइलवरचा संदेश व चावडीवरचे पत्रक बहुधा कन्नडमध्ये असते. शाळेत कन्नड शिकलेली मुले ते वाचतात, परंतु मळ्यात एकट्या राहणाऱ्या साठी-सत्तरीच्या माणसांना मराठीच वाचता येते. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले, तेव्हा पर्यायी रस्त्याची सूचना वाचता न आल्याने वृद्ध माणसे चौकात थांबून येणाऱ्या-जाणाऱ्यास विचारत होती. ज्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत प्रसिद्ध कराव्यात, असे १९५६ पासूनचे केंद्राचे धोरण आहे. पुराच्या इशाऱ्याहून महत्त्वाची सूचना दुसरी कोणती असणार? यात राजकारण आणण्याचे काहीच कारण नाही. कन्नड पत्रकाच्या खाली तोच मजकूर मराठीत छापला, तर कोणत्याही अधिकाऱ्याच्या अधिकाराला धक्का लागत नाही आणि माणसे वाचतात.

माझा प्रस्ताव असा आहे की मे महिन्याच्या ग्रामसभेत प्रत्येक नदीकाठच्या गावाने लेखी ठराव करावा. आपल्या गावासाठीचा नोडल अधिकारी कोण, होडी व लाईफ जॅकेट कोठे ठेवले आहेत आणि ती चालवणारे कोण, माणसांचे केंद्र व जनावरांचा निवारा कोठे असेल, आणि किती पातळीला कोणता मळा रिकामा करायचा, एवढे त्यात असावे. जिल्हा योजना दरवर्षी अद्ययावत करणे कायद्याने आवश्यक आहे, त्यामुळे गावाचा ठराव तिच्यात समाविष्ट करा, ही मागणी नियमाला धरूनच आहे.

मांजरीची लेक:

ठरावात स्वच्छतागृहे आणि बायकांसाठी वेगळी खोली हेही घालणार. अर्ज नेमका कोणाच्या नावे द्यायचा?

निवृत्त महसूल:

ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांच्या आणि पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या (पीडीओ) नावे द्यावा. एक प्रत तहसीलदारांना आणि एक जिल्हाधिकाऱ्यांना पाठवावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रतीवर ‘अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण’ असे आवर्जून लिहावे, म्हणजे तो अर्ज सर्वसाधारण टपालात न जाता त्या विभागाकडे नोंदवला जातो. मजकूर कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत ठेवावा. तीस दिवसांत काहीच कळले नाही, तर आपल्या गावाबाबत जिल्हा योजनेत काय लिहिले आहे त्या पानांची प्रत माहिती अधिकारात मागावी. मसुदा मी रविवारपर्यंत येथे टाकतो, ज्यांना हवा असेल त्यांनी आपल्या गावाप्रमाणे त्यात बदल करून घ्यावा.